इत्सिंगाचा नालंदावास : परदेशी विद्यार्थ्याची साक्ष कशी वाचावी

[१]

सातव्या शतकांतील भारतवर्षाचा इतिहास लिहूं जाणारास दोन चिनी भिक्षूंचा आधार पदोपदीं घ्यावा लागतो. त्यांपैकीं ह्युएन्त्संग आमच्या वाचकांस विशेष परिचित आहे. हर्षाच्या सभेचें व पुलकेशीच्या महाराष्ट्राचें वर्णन त्यानें केलें असल्यामुळें शाळेंतील मुलांसहि त्याचें नांव ठाऊक असतें. दुसरा इत्सिंग. हा ह्युएन्त्संगानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं इकडे आला. त्यानें राजांच्या स्वाऱ्या वर्णिल्या नाहींत, कीं देशोदेशींचीं अंतरें मोजलीं नाहींत. जेवणापूर्वीं हात कसे धुवावे, पाणी कोणत्या भांड्यांत ठेवावें, दांतवण किती लांब असावें, मुलांस व्याकरण कोणत्या वर्षीं व कोणत्या क्रमानें शिकवावें, असल्या गोष्टींनीं त्याचा ग्रंथ भरलेला आहे. त्यामुळें राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनीं त्याकडे थोडेसें दुर्लक्षच केलें. आणि जेथें त्याचा आधार घेतला तेथें तो बहुधा एखाद्या ग्रंथकाराचा काळ ठरविण्यापुरता घेतला.

आमच्या मतें या दोन्ही गोष्टी उलट व्हावयास पाहिजे होत्या. इत्सिंग हा प्रथमतः विद्यार्थी होता. परक्या देशांत जाऊन, परकी भाषा शिकून, परक्या पंक्तीला बसून दहा वर्षें काढलेल्या विद्यार्थ्याची ती साक्ष आहे. अशा साक्षीचें बळ कोणतें व तिचें वैगुण्य कोणतें, हें त्याच्या विद्यार्थिजीवनावरूनच ठरवावें लागतें. म्हणून प्रथम तें जीवन कसें होतें तें पाहूं, आणि मग त्याच्या शब्दावर विसंबून भर्तृहरीच्या काळासंबंधीं विद्वानांची जी दिशाभूल झाली तिचें कारण शोधूं.

[२]

इत्सिंगाचा जन्म इ. स. ६३५ मधला. लहानपणींच त्याची विहारांत रवानगी झाली. पहिला गुरु तो बारा वर्षांचा असतांनाच वारला, व दुसऱ्या गुरूनें त्यास विनयपिटकाच्या अभ्यासास लाविलें. त्या विनयांत आचाराच्या ज्या बारीकसारीक आज्ञा आहेत त्यांचा चीनमध्यें जो अर्थ केला जाई तो खरा आहे किंवा नाहीं, अशी शंका त्याच्या मनांत घर करून राहिली. हिंदुस्थानांत जाऊन प्रत्यक्ष पाहिल्यावांचून ती फिटण्याजोगी नव्हती. त्याचा प्रवास तीर्थयात्रेसाठीं खराच, पण त्याहूनहि अधिक असा शंकानिरसनासाठीं होता, हें ध्यानांत ठेवावें.

इ. स. ६७० मध्यें छांगआन येथें असतांना कांहीं सोबत्यांनीं मिळून निघण्याचा बेत केला. पुढें एकास वृद्ध मातेची काळजी सोडवेना. दुसऱ्याचें मन सुखावतीच्या उपासनेकडे वळलें. तिसरा दक्षिणेकडील क्वांगतुंगपर्यंत येऊन फिरला. शेवटीं एक तरुण शिष्य तेवढा बरोबर उरला. निघण्यापूर्वीं इत्सिंग दिवंगत गुरूच्या समाधीपाशीं गेला, आपला बेत त्यानें समाधीला सांगितला व मग हयात गुरूची अनुज्ञा मागितली. हे गुरु वृद्ध झाले होते, व शिष्याची पुन्हा भेट होण्याचा संभव थोडा होता. तरी अशी संधि पुन्हा येत नसते, माझी चिंता करूं नको, असें सांगून त्यांनीं त्यास निरोप दिला. आमचें सर्व आयुष्य अध्यापनांत गेलेलें असल्यामुळें या प्रसंगाचें मोल आम्हांस अधिक वाटत असेल. परंतु मागें राहणारानें दिलेली अनुज्ञा ही विद्यार्थ्याची पहिली शिदोरी होय, असें आम्ही समजतों.

इ. स. ६७१ च्या अखेरीस एका इराणी गलबतांतून तो क्वांगचौहून निघाला व वीस दिवसांच्या आंत श्रीविजयास पोंचला. श्रीविजय हें सुमात्रा बेटांतील पालेंबांगच्या आसपासचें राज्य, इ. स. १९१८ मध्यें जॉर्ज सेदेस यांनीं त्याचा इतिहास उजेडांत आणला, आणि तलंग तुवो येथील शके ६०६ चा लेख इत्सिंगाच्या काळींच तेथें बौद्ध धर्म भरभराटीस होता याची साक्ष देतो. येथें इत्सिंग सहा महिने राहिला व त्यानें शब्दविद्येस, म्हणजे संस्कृत व्याकरणास, आरंभ केला. त्या वेळीं त्याचें वय छत्तीस वर्षांचें होतें. जो तरुण शिष्य बरोबर आला होता तो येथें आजारी पडून स्वदेशीं परतला. तेथून पुढें इत्सिंगास सोबत मिळे ती व्यापाऱ्यांच्या तांड्याची, नाहींतर वाटेंत भेटणाऱ्या भिक्षूंची.

पुढें त्यानें आपल्या देशबांधवांस जो सल्ला दिला तो याच अनुभवांतून निघालेला आहे. ज्यास भारतांत शिकावयाचें आहे त्यानें आधीं श्रीविजयांत एक-दोन वर्षें काढावीं, तेथील भिक्षूंचा आचार मध्यदेशांतल्यासारखाच आहे, तो अंगवळणीं पाडावा, व मग पुढें जावें, असें तो सांगतो. परक्या देशांत एकदम उडी घेण्यापेक्षां अर्ध्या वाटेवर एक पायरी असावी हें त्यास कळून चुकलें होतें.

[३]

श्रीविजयाहून मलायु, तेथून केडा व केडाहून नग्न लोकांच्या बेटांवरून — हीं आजचीं निकोबार बेटें समजतात — त्याचें गलबत ताम्रलिप्तीस आलें. त्या बेटांवरचे लोक होड्यांतून नारळ व केळीं घेऊन येत व त्यांच्या मोबदल्यांत लोखंड मागत. दोन बोटांएवढ्या लोखंडाच्या तुकड्यास पांच ते दहा नारळ देत, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ताम्रलिप्तीस तो इ. स. ६७३ च्या आरंभीं उतरला, पण लगेच नालंदेकडे गेला नाहीं. ह्युएन्त्संगाचा एक शिष्य महायानप्रदीप हा तेथें बारा वर्षें राहिलेला होता. त्याच्याजवळ राहून इत्सिंगानें सुमारें वर्षभर संस्कृताचा अभ्यास केला. स्वदेशींचा परंतु या भूमीत मुरलेला असा वडीलधारा भेटणें हें नवख्या विद्यार्थ्याचें केवढें भाग्य असतें, हें ज्यांनीं परदेशीं दिवस काढले आहेत त्यांस सांगावयास नको.

पुढें दोघेहि व्यापाऱ्यांच्या मोठ्या तांड्याबरोबर मध्यदेशाकडे निघाले. महाबोधि दहा दिवसांच्या वाटेवर राहिली असतां इत्सिंग आजारी पडला. वाट डोंगराची व दलदलीची; त्यास चार पावलें चालून बसावें लागे. तांडा पुढें गेला, हा एकटाच मागें राहिला, आणि संध्याकाळच्या सुमारास लुटारूंनीं गांठून त्याच्या अंगावरचीं वस्त्रेंसुद्धां काढून नेलीं. या प्रांतांत गौरवर्णाचा माणूस सांपडल्यास त्याचा बळी देतात अशी वदंता त्यानें ऐकली होती. ती आठवतांच तो एका चिखलाच्या डबक्यांत उतरला, सर्वांगास चिखल फांसला, पाल्यानें शरीर झांकलें व काठी टेकीत टेकीत निघाला. रात्रीं बऱ्याच उशिरां तो मुक्कामाजवळ आला तेव्हां गांवाबाहेर महायानप्रदीप त्याच्या नांवानें हांका मारीत होता. त्यानें त्यास एक वस्त्र दिलें. तळ्यांत अंग धुऊन मग इत्सिंग गांवांत शिरला.

या प्रसंगांतून एक गोष्ट इतिहासकारानें वेंचून घ्यावी. लूट झाली, ही इत्सिंगाच्या अंगावर आलेली हकीकत आहे. तीवरून त्या काळीं मगधाच्या वाटा निर्धोक नव्हत्या असें म्हणतां येईल. गोऱ्या माणसाचा बळी देतात, ही त्याच्या कानीं आलेली वार्ता आहे. तीवरून त्या प्रांतांत नरबलीची चाल होती असें म्हणतां येणार नाहीं. एकाच हकीकतींत दोन प्रकारच्या साक्षी अशा शेजारीं शेजारीं बसलेल्या असतात.

[४]

नालंदेंत इत्सिंग सुमारें दहा वर्षें राहिला. तेथें त्या वेळीं तीन हजारांहून अधिक भिक्षु राहत; आठ मोठीं दालनें व तीनशें खोल्या होत्या; आणि राजांनीं पिढ्यान् पिढ्या दिलेल्या दोनशेंहून अधिक गांवांच्या उत्पन्नावर सर्व खर्च चाले. पण त्याचें लक्ष इमारतींपेक्षां दिनचर्येकडे अधिक होतें.

चीनमध्यें भिक्षु उंच बैठकीवर मांडी घालून पंक्तीस बसत. येथें प्रत्येकास ठेंगणा, वेतानें विणलेला, हातभराहून लहान असा चौरंग मिळे व पाय भुईला टेकून बसावें लागे. जेवणापूर्वीं हातपाय धुणें अवश्य. एकदां घांस घेतला कीं तो माणूस उष्टा झाला. मग चूळ भरून हात धुतल्याशिवाय त्यानें कोणास शिवावयाचें नाहीं, कीं वाढलेल्या अन्नास हात लावावयाचा नाहीं. सोंवळेंओंवळें व उष्टेंखरकटें हे शब्द आम्हांस जन्मतःच कळतात, त्यामुळें त्यांविषयीं लिहावें असें आमच्यापैकीं कोणास सुचत नाहीं. इत्सिंगास ते प्रौढ वयांत शिकावे लागले, म्हणून त्यानें त्यांवर प्रकरणेंच्या प्रकरणें लिहिलीं. पिण्याच्या पाण्याचें भांडें वेगळें व शौचाच्या पाण्याचें वेगळें. पहिलें मातीचें, दुसरें तांब्याचें चाले. पाणी गाळून, त्यांत जीवजंतु नाहींत हें पाहून मग वापरावयाचें. दांतवण बारा अंगुळें लांब, कमींत कमी आठ. त्याचें एक टोंक चावून मऊ करावयाचें. चिनी भाषेंत या वस्तूस विलोच्या डहाळीचें नांव पडलें होतें, त्यामुळें विलोच्याच काडीनें दांत घासले पाहिजेत असा तिकडे समज होता. भारतांत विलोचें झाड दुर्मिळ, तेव्हां हें भाषांतर चुकीचें होय, असें इत्सिंगानें दाखवून दिलें. पोथीवरून जी शंका शंभर वर्षांत फिटली नसती ती येथल्या एका सकाळींच फिटली असेल.

सकाळीं स्नानाची घंटा होई. विहाराभोंवतीं दहाहून अधिक मोठीं तळीं होतीं. शेंकडों, कधीं हजार भिक्षु हातांत स्नानवस्त्र घेऊन चहूंकडे निघत. वेळ कळण्यासाठीं घटिकापात्र ठेविलेलें असे: पाण्यानें भरलेल्या मोठ्या भांड्यांत बुडाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें पात्र तरंगत सोडावयाचें, आणि तें बुडालें कीं नगारा वाजवावयाचा. हीच घटिका आमच्याकडे लग्नमुहूर्तासाठीं परवांपरवांपर्यंत मांडीत असत. वडील भिक्षूस धाकट्यानें ‘वन्दे’ म्हणावें, वडिलानें ‘आरोग्य’ म्हणून उत्तर द्यावें. पाहुणा आला कीं ‘स्वागत’ म्हणावें, त्यानें ‘सुस्वागत’ म्हणावें. हे शब्द त्यानें जसे कानीं पडले तसे चिनी लिपींत उतरून ठेविले आहेत.

परंतु तो सर्वच बाबतींत या देशाचा झाला असें नव्हे. हिंदुस्थानांत कच्ची भाजी किंवा मासा कोणी खात नाहीं, सर्व कांहीं शिजवून हिंग, तूप, तेल घालून खातात, कांदा वर्ज्य मानतात, व त्यामुळें पोटाच्या व्याधि कमी होतात, असें तो मोकळेपणानें मान्य करतो. ज्वरांत प्रथम लंघन करावें हा येथील वैद्यांचा नियम त्यास पटला. उलट नाडीपरीक्षा व सुया टोंचण्याची विद्या यांत चीनची बरोबरी कोणी करणार नाहीं, असेंहि तो अभिमानानें लिहितो. आणि वीस वर्षें परदेशांत काढलीं त्यांत एका स्वदेशी मुळीचा काढा व चहा यांनींच आपली प्रकृति सांभाळली, असें सांगतो. येथें उजव्या हातानें जेवतात, दोन काड्यांनीं जेवणें कोणास माहीतहि नाहीं. तेव्हां भारतांत त्या वापरूं नयेत. परंतु विनयांत त्यांचा निषेधहि नाहीं, म्हणून चीनमध्यें त्या सोडण्याचें कारण नाहीं, असा त्याचा निर्णय आहे. नियमाचें मूळ कोणतें व देशाची चाल कोणती, हें निवडण्याची दृष्टि त्यास परदेशवासानें दिली. ती दृष्टि सगळ्यांनाच येते असें नाहीं. कोणी परक्याचें सर्वच उचलतात, कोणी सर्वच नाकारतात.

एक मर्यादा मात्र येथें सांगितली पाहिजे. इत्सिंगाचा मुक्काम विहारांत होता, व त्याचा ग्रंथ स्वदेशींच्या भिक्षूंस सुधारण्यासाठीं लिहिलेला होता. त्यामुळें नालंदेचा आचार तो कांहींसा उजळून दाखवितो. विहाराबाहेरच्या शेतकऱ्याच्या, कारागिराच्या किंवा स्त्रियांच्या जीवनाविषयीं त्यास साक्षीस बोलावणें योग्य नव्हे.

[५]

आतां व्याकरणाचा प्रश्न. संस्कृताच्या शिक्षणाचें जें वर्णन इत्सिंगानें केलें आहे त्याच्या तोडीचें दुसरें त्या काळांतलें आम्हांस माहीत नाहीं. मूल सहाव्या वर्षीं ‘सिद्धम्’ नांवाच्या वर्णपाठास लागे. त्यांत एकोणपन्नास वर्ण व त्यांच्या जोडाक्षरांचे दहा हजारांवर प्रकार असत, व तो सहा महिन्यांत संपे. आठव्या वर्षीं पाणिनीचीं सूत्रें, तीं आठ महिन्यांत मुखोद्गत. मग धातुपाठ; दहाव्या वर्षापासून तीन खिलें, त्यांस तीन वर्षें. पंधराव्या वर्षीं सूत्रांवरील वृत्ति. ती पांच वर्षांत उमगे. ही वृत्ति जयादित्याची, असें तो सांगतो. चीनहून कोणी भारतांत शिकावयास आल्यास त्यानें प्रथम हा ग्रंथ आत्मसात् करावा, नाहींतर त्याचे श्रम फुकट जातील, असा त्याचा इशारा आहे. वृत्तीनंतर पतंजलीची चूर्णि, म्हणजे महाभाष्य. त्यास तीन वर्षें. त्यानंतर भर्तृहरीची महाभाष्यावरील टीका, मग सातशें श्लोकांचें वाक्यपदीय, व शेवटीं तीन हजार श्लोकांचा आणखी एक ग्रंथ. तो वाक्यपदीयाचें तिसरें, प्रकीर्ण कांड असावा असें बहुतेक विद्वान् मानतात.

हें वर्णन पडताळून पाहतां येतें. वाक्यपदीयाच्या पहिल्या दोन कांडांच्या कारिका आज साडेसहाशेंच्या आसपास भरतात. इत्सिंगाचा सातशेंचा आंकडा त्याच्या अगदीं जवळचा आहे. म्हणजे अभ्यासक्रम, ग्रंथांचें प्रमाण, लागणारा काळ, यांविषयीं तो विश्वसनीय आहे. हें सर्व त्यास ओसरीवर बसून, पाठ घोकून कळलेलें होतें.

परंतु त्याच प्रकरणांत त्यानें दोन काळ दिले आहेत. जयादित्यास वारून तीस वर्षें झालीं, व भर्तृहरीस वारून चाळीस वर्षें झालीं, असें तो म्हणतो. त्याचा ग्रंथ इ. स. ६९१-९२ चा; यावरून भर्तृहरीचा मृत्यु ६५१ च्या सुमाराचा ठरतो. ही माहिती पाश्चात्य विद्वानांस मिळाली तीहि परदेशी विद्यार्थ्यांमुळेंच. कासावारा केन्ज्यू हा जपानी भिक्षु ऑक्सफर्ड येथें मॅक्समुल्लरापाशीं संस्कृत शिकत होता. त्यानें इत्सिंगाच्या ग्रंथांतील व्याकरणविषयक मजकूर आपल्या गुरूस प्रथम समजावून दिला. मॅक्समुल्लरानें इ. स. १८८३ च्या आपल्या व्याख्यानग्रंथांत तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षीं कासावारा क्षयानें स्वदेशीं मरण पावला. इत्सिंगाच्या ग्रंथाचें संपूर्ण इंग्रजी भाषांतर ताकाकुसु या दुसऱ्या जपानी विद्यार्थ्यानें इ. स. १८९६ मध्यें ऑक्सफर्डहूनच प्रसिद्ध केलें.

इत्सिंगाचा हा शब्द पुढें प्रमाण धरला गेला. आमच्या डेक्कन कॉलेजांतील प्रो. काशीनाथ बापूजी पाठक यांनीं कुमारिलभट्ट हा वाक्यपदीयावर टीका करतो हें दाखविलें, व भर्तृहरीच्या या काळावरून कुमारिलास आठव्या शतकांत आणलें. त्यांची तर्कपद्धति निर्दोष होती. पाया मात्र कच्चा निघाला. इ. स. १९५१ मध्यें एच्. आर्. रंगस्वामी अय्यंगार यांनीं दिङ्नागानें वाक्यपदीयांतील कारिका घेतल्या असल्याचें दाखविलें. फ्राउवाल्नर यांनीं दिङ्नागाच्या त्रैकाल्यपरीक्षेच्या तिबेटी भाषांतरावरून, व मुनि जंबूविजय यांनीं मल्लवादीच्या नयचक्रावरून, तीच गोष्ट दृढ केली. दिङ्नाग पांचव्या-सहाव्या शतकांच्या संधीचा. तेव्हां भर्तृहरि पांचव्या शतकाच्या अलीकडे फारसा आणतां येत नाहीं. इत्सिंगाची चूक थोडीथोडकी नव्हे, दोनशें वर्षांची ठरली.

इतका चोखंदळ मनुष्य येथें कसा चुकला? तो खोटें बोलला असें म्हणण्यास जागा नाहीं. भर्तृहरि या नांवाच्या दोन व्यक्ति त्यानें एक केल्या, असें कांहींजण म्हणतात. तें अशक्य नाहीं. परंतु आम्हांस दुसरेंच कारण अधिक संभवनीय वाटतें, व तें त्याच्याच लिखाणांत आहे. पतंजलीची चूर्णि ही जयादित्याच्या वृत्तीवरची टीका आहे, असें तो लिहितो! जयादित्य सातव्या शतकांतला, पतंजलि त्याच्या शेंकडों वर्षें आधींचा. मग ही कल्पना आली कोठून? अभ्यासक्रमांत वृत्ति आधीं येते व भाष्य मागाहून, म्हणून. विद्यार्थी ज्या क्रमानें ग्रंथ वाचतो तोच क्रम तो ग्रंथांच्या काळाचाहि समजतो. आम्हीं अनेक वर्षें संस्कृत शिकविलें. कौमुदी आधीं वाचलेल्या मुलांस अष्टाध्यायी तिच्यानंतरची वाटते, हें दरवर्षीं पाहिलें आहे. भर्तृहरि तर अभ्यासाच्या अगदीं शेवटीं येणारा, पंडितांच्या तोंडीं सदैव असलेला. तो कालपरवां होऊन गेला असें परक्या विद्यार्थ्यास वाटावें यांत नवल तें काय? त्यांतच तो सात वेळां भिक्षु झाला व सात वेळां संसारांत परतला, अशी विहारांतली आख्यायिका मिळाली. वेदांस व शब्दब्रह्मास मानणारा वाक्यपदीयकार बौद्ध होता हें म्हणणें त्याच्या ग्रंथावरून तरी दिसत नाहीं. येथें इत्सिंग पाहिलेलें सांगत नाहीं, ऐकलेलें सांगतो.

[६]

ऐकीव साक्ष म्हणजे टाकाऊ असेंहि मात्र समजूं नये. इत्सिंगाचा दुसरा एक ग्रंथ आहे. धर्मशोधार्थ पश्चिमेस गेलेल्या छप्पन्न भिक्षूंचीं चरित्रें त्यांत आहेत. शाव्हान यांनीं त्याचें फ्रेंच भाषांतर इ. स. १८९४ मध्यें केलें. त्यांत एके ठिकाणीं तो आपली खंत सांगतो: महाबोधीपाशीं सिंहलद्वीपाचा विहार आहे, इतर देशांचेहि विहार आहेत, आमच्या भिक्षूंस मात्र टेंकावयास स्वतःची जागा नाहीं. नालंदेपासून गंगेच्या कांठानें पूर्वेस सुमारें चाळीस मजलांवर एक ‘चीनविहार’ होता. पांचशें वर्षांपूर्वीं श्रीगुप्त नांवाच्या राजानें वीसएक चिनी भिक्षूंसाठीं तो बांधिला असें वृद्ध लोक सांगतात. आतां विटांचा पायाच तेवढा उरला आहे. गुप्त राजवंशाच्या मूळपुरुषाविषयीं विद्वानांत जो वाद झाला त्याचें मूळ हेंच वाक्य. फ्लीट यांनीं पांचशें वर्षांचा मेळ बसत नाहीं म्हणून हा राजा वेगळा मानला. ॲलन यांनीं ती संख्या ढोबळ समजून दोघे एकच धरले. आमच्या कसोटीनें पाहतां विटांचा पाया प्रमाण, राजाचें नांव संभाव्य, व पांचशें हा आंकडा केवळ ‘फार पूर्वीं’ या अर्थाचा.

उतरावयास हक्काची जागा नसणें म्हणजे काय, हें त्या चरित्रांतून कळतें. छप्पन्नांपैकीं बहुतेक परतलेच नाहींत. इत्सिंग निघाला तेव्हां त्याच्या माहितीप्रमाणें पांच जण हयात होते. कोरियाहून आलेला आर्यवर्मा सत्तरी उलटून नालंदेंतच वारला. एक जण जावाकडून मलायूस जात असतां गलबत बुडूं लागलें. नावाड्यानें त्यास लहान होडींत बोलाविलें, तेव्हां दुसऱ्यांस घ्या असें सांगून तो गलबताबरोबर बुडाला. महायानप्रदीप एकदां आपल्या एका जुन्या सहाध्यायाच्या खोलीवर गेला. सहाध्यायी मरण पावलेला होता, चिनी पुस्तकें व संस्कृत पोथ्या जशाच्या तशा मांडलेल्या होत्या. त्या पाहून तो रडला. पुढें तोहि कुशीनगरांत मरण पावला. जो चिखलानें माखलेल्या मित्रास रात्रीं हांका मारीत उभा होता, त्याची ही अखेर.

पुढें नवव्या शतकांत सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव यानें नालंदेंत विहार बांधविला व त्याच्या विनंतीवरून देवपालानें पांच गांवें दिलीं, हें नालंदा येथें सांपडलेल्या ताम्रपटावरून कळतें. हिरानंद शास्त्री यांनीं तो प्रसिद्ध केला आहे. या दानाकडे केवळ पुण्यकर्म म्हणून न पाहतां, समुद्रापलीकडून येणाऱ्या आपल्या प्रजेच्या सोयीसाठीं एका राजानें केलेली तजवीज म्हणूनहि पाहिलें पाहिजे. इत्सिंगाच्या तक्रारीजवळ ठेवून वाचल्याशिवाय तिचा हा अर्थ उघड होत नाहीं.

[७]

इत्सिंग इ. स. ६८५ च्या सुमारास नालंदेहून निघाला व श्रीविजयास येऊन भाषांतरास बसला. कागद, शाई व लेखक यांची उणीव भासूं लागली. इ. स. ६८९ मध्यें क्वांगचौस पत्र पाठवावें म्हणून तो एका गलबतावर चढला. तोंच वारा अनुकूल झाला, शिडें उभारलीं गेलीं, आणि कितीहि विनविलें तरी गलबत थांबेना. इच्छा नसतां तो स्वदेशीं येऊन पोंचला! परंतु वीस वर्षांच्या श्रमानें जमविलेल्या पोथ्या श्रीविजयांत राहिल्या होत्या. त्यासाठीं चार साहाय्यक घेऊन तो त्याच वर्षीं पुन्हा समुद्र ओलांडून परत गेला. कायमचा तो स्वदेशीं आला इ. स. ६९५ मध्यें, बरोबर सुमारें चारशें ग्रंथ होते, आणि सम्राज्ञी वू ही नगराच्या पूर्वद्वाराबाहेर त्यास सामोरी आली. पुढें त्यानें छप्पन्न ग्रंथ चिनी भाषेंत उतरविले व इ. स. ७१३ मध्यें देह ठेविला.

एवढ्यावरून आमचें म्हणणें थोडक्यांत असें. परदेशी विद्यार्थी जें हातानें करतो, जिभेनें घोकतो व शरीरानें सोसतो, त्याविषयीं त्याच्यासारखा साक्षीदार नाहीं. कारण जें आम्हांस सांगण्याजोगें वाटत नाहीं तें त्यास शिकावें लागलेलें असतें. जें तो ओसरीवर नुसतें ऐकतो, तें त्या ओसरीवरील समजुतीचा पुरावा होय. घडलेल्या गोष्टीचा नव्हे. इत्सिंगाच्या ग्रंथाची या दोन सदरांखालीं वाक्यवार छाननी कोणीतरी संस्कृत व चिनी या दोन्ही भाषा जाणणाऱ्यानें करावी. आमच्या मुलांपैकीं कित्येक आज परदेशांत शिकत आहेत. त्यांपैकीं कोणी चिनी भाषेच्या वाटेस गेल्यास हें काम त्यानें अंगावर घ्यावें, आणि तोंवर तेथील पंक्तीचे, पाण्याचे व पाठाचे नियम रोजच्या रोज टिपून ठेवावे. आमच्या अनुमानांत कोठें दोष असल्यास तो जाणत्यांनीं दाखवावा. आम्ही त्यांचे ऋणी राहूं.